'भरधाव' म्हणजे ताशी किती?

अपघात झाला की आपल्याकडे गर्दी आणि मते या दोन गोष्टी ताबडतोब जमतात. ट्रक आणि मोटरसायकलची धडक असेल तर चूक ट्रकवाल्याची. बस उलटली तर ड्रायव्हरला डुलकी लागली असणार. आणि पोरगा कॉलेजातला असेल तर मग विचारूच नका, 'हवेतच चालवत असेल!' चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत निकाल लागतो आणि त्या निकालावर अपीलही नसते.

गमतीचा भाग सोडला तरी हाच निकाल पुढे कागदावर उतरतो, ही गोष्ट गंभीर आहे. अपघाताची कोणतीही फिर्याद उघडून वाचा. त्यात एक ठराविक वाक्य बहुतेक वेळा असतेच : 'आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून...' आता मला सांगा, व्हायवाला आपण 'सर, वेग भरधाव आहे' असे उत्तर दिले तर एक्स्टर्नल काय विचारतील? 'युनिट काय?' जो प्रश्न फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सच्या जर्नलमध्ये दहा मार्कांसाठी विचारला जातो, तो माणूस मेल्यावर मात्र कोणी विचारत नाही. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे आणि तो विचारायला लावणे हे आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचे काम आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला हा विषय नवीन नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. बसमध्ये ३३ जण होते. त्यातले २५ जण गेले. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात एकाच वेळी २४ जणांवर सामूहिक अंत्यसंस्कार झाले, कारण बहुतेकांची ओळख पटवणेही शक्य नव्हते. त्या दिवशी जिल्ह्यातल्या कित्येक घरांत चूल पेटवायचे मन झाले नसेल.

त्यानंतर सुरू झाला 'का झाले' चा शोध. चालकाचे म्हणणे होते की टायर फुटला. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने जागेची पाहणी केली आणि टायर फुटल्याचा दावा खोडून काढला, कारण रस्त्यावर रबराचे तुकडे नव्हते आणि फुटलेल्या टायरची खूणही नव्हती. बस आधी रस्त्याकडेच्या खांबाला धडकली आणि मग दुभाजकावर गेली, असा क्रम त्यांनी मांडला. त्याच महिन्यात चालकाच्या रक्तात अल्कोहोलचा अंश सापडल्याचा न्यायवैद्यक अहवालही बातम्यांत आला. कोणाचा दोष किती हे न्यायालयाने ठरवायचे आहे, तुम्हीआम्ही नव्हे. पण यातली एक गोष्ट नीट पाहा. 'टायर आधी फुटला की आधी धडक बसली?' हा प्रश्न साक्षीदाराने नाही, तर रस्त्याने सोडवला. रबराचा तुकडा असणे किंवा नसणे हाच पुरावा ठरला.

आणि टायरचा मुद्दा किरकोळ नाही. टायर फुटणे ही 'दैवी घटना' आहे, त्यात माणसाचा दोष नाही, असा युक्तिवाद विमा कंपन्या करत आल्या आहेत. पुण्याहून मुंबईकडे जाताना २०१० मध्ये झालेल्या एका अपघातात मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला आणि टायर फुटणे हा मानवी निष्काळजीपणा असू शकतो असे म्हटले. म्हणजे एका रबराच्या तुकड्यावरून एखाद्या घराला भरपाई मिळते की वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे ठरू शकते.

आता आपल्या विषयाकडे येऊ. अपघात पुन्हा 'उभा करणे' ही काही जादू नाही. त्याचा पाया आपण सगळे शिकलेलो आहोत. गाडी चाके जाम करून घसरत थांबली, तर वेगाचा वर्ग = २ × घर्षणांक × गुरुत्वीय त्वरण × घसरल्याचे अंतर. समजा ब्रेकची खूण २० मीटर आहे आणि कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला, तर वेग येतो ताशी साधारण ६०. घर्षणांक ०.६ धरला तर ५५, ०.८ धरला तर ६४. पाऊस पडून रस्ता ओला असेल आणि घर्षणांक ०.४ असेल, तर तीच २० मीटरची खूण ताशी ४५ सांगते. शिवाय गाडी खुणेच्या शेवटी थांबली नसून कशावर तरी आदळली असेल, तर हा फक्त किमान वेग झाला, खरा वेग त्याहून जास्त.

दुसरे उदाहरण धडकेचे घेऊ. एका चौफुलीवर १००० किलोची कार पूर्वेकडे चालली आहे आणि १५०० किलोची जीप उत्तरेकडे. दोन्ही धडकतात, एकमेकींत अडकतात आणि बरोबर ४५ अंशांच्या दिशेने ७.३ मीटर घसरत जाऊन थांबतात. घर्षणांक ०.७ धरला तर धडकेनंतर लगेचचा वेग सेकंदाला १० मीटर येतो. संवेग अक्षय्यतेचा नियम दोन दिशांना लावला की कारचा वेग ताशी ६४ आणि जीपचा ४२ निघतो. कार जोरात होती, असे कोणीही म्हणेल.

आता पंचनाम्यात हाच नकाशा हाताने, अंदाजाने काढला आणि घसरण्याची दिशा उत्तरेकडे फक्त १० अंश जास्त कलली असे समजा. मग उत्तर काय येते? कार ताशी ५२ आणि जीप ताशी ४९! म्हणजे मघाशी 'भरधाव' असलेली कार आणि शांतपणे येणारी जीप आता जवळजवळ सारख्याच वेगात आल्या. गणित तेच, नियम तोच, न्यूटनही तोच. फक्त पेन्सिल थोडी वाकडी गेली. ज्या कागदावर कोणाचा तरी तुरुंगवास आणि कोणाची तरी भरपाई अवलंबून आहे, त्या कागदावर '१० अंश' ही चूक डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

संगणकावरचे सिम्युलेशन करते ते हेच, फक्त खूप बारकाईने. गाडीचे वजन, चाकांवरचा भार, स्टिअरिंग, रस्त्याचा चढउतार, पत्र्याचा चेपलेला भाग हे सगळे घेऊन ते सुरुवातीचा एक वेग गृहीत धरते आणि गाडीला पुढे चालवते. गाडी प्रत्यक्षात जिथे थांबली तिथेच संगणकावरही थांबली का, खुणा जुळल्या का, हे पाहते. नाही जुळल्या तर वेग बदलून पुन्हा. असे शेकडो वेळा केल्यावर एक वेग नाही, तर वेगाचा एक पट्टा हाती येतो : इतक्यापासून इतक्यापर्यंत.

ही कल्पना पन्नास वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेत बफेलो येथील प्रयोगशाळेत रेमंड मॅकहेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास गाडीच्या हालचालीचे आणि धडकेचे संगणकीय प्रोग्राम तयार केले. १९७४ च्या जेम्स बाँडच्या 'द मॅन विथ द गोल्डन गन' या चित्रपटात एक कार हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडच्या रॅम्पवर उतरते, त्या उडीचे गणितही याच कामातून आलेले होते. पुढे ऑस्ट्रियात 'पीसी-क्रॅश' तयार झाले आणि ते जगभर वापरले जाते. म्हणजे तंत्र जुने आहे, सिद्ध झालेले आहे. आपल्याकडे अडते ते दुसरीकडेच.

कुठे अडते हे समजायला आपल्याच जिल्ह्यात एक उदाहरण आहे. लोणारचे सरोवर! साधारण १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा ज्वालामुखीचा आहे असे बरीच वर्षे मानले जात होते. पाहणारा साक्षीदार कोणी नाही, फिर्यादी नाही, पंच नाहीत. तरीही १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी तिथल्या बसाल्ट खडकात प्रचंड दाबाखाली तयार होणारी 'मास्केलिनाइट' नावाची काच शोधली आणि ही उल्केची धडक असल्याचे ठरवले. हजारो वर्षांपूर्वीची टक्कर आपण आज सांगू शकतो, कारण खुणा खडकात शाबूत राहिल्या. समृद्धीवरची किंवा मलकापूर-नांदुरा-खामगाव महामार्गावरची टक्कर मात्र दुसऱ्या दिवशी दुपारीही सांगता येत नाही, कारण खुणा डांबरावर असतात आणि डांबरावरून वाहतूक सुरू होते.

खरी अडचण ही आहे. रात्री दोन वाजता घटनास्थळी पोहोचलेल्या पोलिसाला आधी जखमींना काढायचे असते, मग वाहतूक मोकळी करायची असते, गर्दी आवरायची असते. क्रेन आणि जेसीबी गाड्या बाजूला ओढतात. ते ओढतानाही रस्त्यावर नवे ओरखडे पडतात. सांडलेल्या तेलावर माती टाकली जाते. या सगळ्यांतून सवड मिळाल्यावर पंचनामा होतो, तोवर मोजण्यासारखे अर्धे संपलेले असते. यात पोलिसांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे माणसे कमी, वेळ कमी आणि 'कोणती दहा मापे घ्यायची' हे कोणी नीट शिकवलेलेही नसते.

आता कोणी म्हणेल, 'अरे, आजकाल गाडीतच सगळे रेकॉर्ड होते!' होते, पण कोणाच्या गाडीत? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज धडकली. कंपनीने गाडीतली माहिती वाचून सांगितले की धडकेच्या काही सेकंद आधी वेग ताशी १०० होता आणि ब्रेक लावल्यावर धडकेच्या क्षणी तो ८९ होता. पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला पोर्शे कारने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा पोलिसांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने प्रसंग पुन्हा उभा करण्याची तयारी चालवल्याचे जाहीर झाले. त्याच प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप ठेवला गेला, हेही आपण वाचले. यावरून एक धडा घ्यावा : पुरावा जितका एकाच बाटलीत, तितका तो बदलणे सोपे. रस्त्यावरच्या पंधरा मापांना आणि चाळीस फोटोंना एकदम खोटे पाडणे अवघड असते.

पण देऊळगावराजा किंवा मेहकरच्या रस्त्यावर रात्री कापसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेल्या मोटरसायकलस्वाराचे काय? त्याच्या गाडीत कोणतीही चिप नाही. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, हे सांगायला तो स्वतः जिवंत नाही. महागडी गाडी स्वतःची साक्ष स्वतः देते. गरिबाच्या अपघाताला रस्त्यावरच्या खुणांशिवाय दुसरा साक्षीदार नसतो आणि तोच साक्षीदार आपण सकाळपर्यंत पुसून टाकतो. मग भरपाईच्या दाव्यात 'मयताचीही चूक होती' असे म्हणून रक्कम कापायची मागणी होते आणि त्या विधवेकडे त्याला उत्तर द्यायला एकही आकडा नसतो.

कायदा या बाबतीत अगदीच गप्प आहे असे नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा आहे. देशभरातल्या अपघातांची नोंद ठेवणारी 'आयरॅड' ही प्रणाली आयआयटी मद्रासने विकसित केली आहे. म्हणजे फॉर्म आहे, रकाना आहे. रकान्यात भरायचा आकडा मात्र कोणीतरी टेप धरल्याशिवाय येत नाही. दुसरी गोष्ट आणखी बोलकी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ७ वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले आहे. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला मात्र भारतीय न्याय संहितेत कमाल शिक्षा ५ वर्षे. त्यामुळे साधा अपघाती मृत्यू त्या अटीत बसत नाही. जिथे भौतिकशास्त्राची गरज सर्वात जास्त, नेमके तिथेच ते ऐच्छिक राहिले!

सिम्युलेशनला डोळे झाकून मान डोलवावी, असे मात्र मी म्हणत नाही. रंगीत अॅनिमेशन पाहिले की माणसाला वाटते आपण प्रत्यक्ष अपघातच पाहिला. पण ते चित्र म्हणजे कोणीतरी भरलेल्या आकड्यांचे चित्र असते. विमा कंपनीचा तज्ज्ञ घर्षणांक ०.८ धरील, समोरचा ०.६ धरील आणि दोघांचेही व्हिडिओ तितकेच खरे वाटतील. ज्याच्या हाती ससा तो पारधी! परदेशी गाड्यांच्या चाचण्यांतून काढलेले पत्र्याच्या कडकपणाचे आकडे आपल्या ऑटोला, ट्रॅक्टर-ट्रॉलीला, गावठी पद्धतीने वाढवलेल्या बॉडीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. म्हणून न्यायालयात सिम्युलेशन दाखवायचे असेल तर आधी त्यात भरलेले आकडे दोन्ही बाजूंना उघड करावेत आणि उत्तर पट्ट्यात द्यावे, ही माझी पहिली मागणी आहे.

आणि गणित 'कसे झाले' ते सांगते, 'कोणाचा दोष' ते सांगत नाही. मघाच्या चौफुलीवर कार ताशी ६४ ने होती हे कळले, पण सिग्नल कोणाला हिरवा होता, थांबण्याची पाटी कोणासमोर होती, झाडीमुळे कोणाला काय दिसत होते हे समीकरणात नाही. समृद्धीच्या अपघाताचेच पाहा. 'बस का धडकली' हा एक प्रश्न आहे आणि '२५ जण का गेले' हा दुसरा. बस डाव्या कुशीवर पडली आणि दार खाली दाबले गेले. डिझेल पेटले. काही जण काच फोडून बाहेर आले म्हणून वाचले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चालकापाशी संपत असेल, तरी दुसऱ्याचे संपत नाही. ते बसची बॉडी बांधणाऱ्यापर्यंत, बाहेर पडण्याच्या वाटा तपासणाऱ्यापर्यंत, रस्त्याच्या कडेला काय आणि कसे उभारले आहे इथपर्यंत जाते. ताशी ८० च्या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे जवळपास ६७ मीटर आंधळा प्रवास. माणूस झोपेला बळी पडू शकतो हे माहीत असताना सरळ, एकसुरी रस्ता बांधणाऱ्यानेही त्याचा हिशेब ठेवायला हवा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९८-अ रस्त्याच्या सदोष रचनेसाठी ठेकेदाराला आणि संबंधित यंत्रणेला दंड सांगते. पण रस्त्याचा दोष सिद्ध करायलाही मापेच लागतात. मापे नसली की सगळा दोष एकाच माणसाच्या डोक्यावर टाकणे सोपे जाते, आणि बाकीचे सुटतात.

मग आपण काय करायचे? दरवर्षी आपण प्रोजेक्टच्या नावाखाली तेच तेच मॉडेल पुण्याहून आणतो, सबमिशनच्या आदल्या रात्री रिपोर्ट बांधतो आणि मोकळे होतो. त्याऐवजी शेगाव, बुलढाणा, चिखली, मलकापूर इथल्या कॉलेजांनी आपल्या भागातले धोक्याचे रस्ते वाटून घ्यावेत. राजूर घाटातली वळणे, बोथ्याच्या जंगलातला उतार, खामगावच्या बाहेरच्या चौफुल्या. प्रत्येक जागेची वळणाची त्रिज्या, उतार, दिसण्याचे अंतर, कोरड्या आणि ओल्या रस्त्याचा घर्षणांक मोजून एक नोंदवही करावी. सिव्हिलवाल्यांकडे सर्वेची उपकरणे आहेत, मेकॅनिकलवाल्यांना गाडी कळते, कॉम्प्युटरवाल्यांना प्रोग्राम लिहिता येतो. ही वही आधीच तयार असेल तर अपघातानंतर अर्धी मापे शोधावी लागणार नाहीत.

दुसरे काम आणखी सोपे. पोलीस ठाण्यासाठी मराठीत एका पानाचा तक्ता : गाड्या हलवण्याआधी खडूने चाकांच्या जागा खुणवा, एका पक्क्या बिंदूपासून, म्हणजे किलोमीटरच्या दगडापासून किंवा विजेच्या खांबापासून, प्रत्येक खुणेचे दोन अंतर मोजा, ब्रेकची खूण कुठे सुरू, कुठे संपली, काच आणि माती कुठे पडली, टेप शेजारी ठेवून फोटो घ्या, रस्ता ओला की कोरडा ते लिहा. दोन माणसे आणि एक टेप असेल तर वीस मिनिटांचे काम आहे. घटनास्थळी आपण विद्यार्थ्यांनी गर्दी करायची नाही, ते काम पोलिसांचेच. पण त्यांना हे शिकवायला एक शनिवार देणे आपल्याला जड नाही. आणि हो, गर्दीत उभे राहून मोबाईलवर शूटिंग करणाऱ्या पब्लिकलाही एक विनंती : जखमींना मदत झाल्यावर शूटिंग करायचेच असेल तर तोंडांचे नको, रस्त्याचे करा. निदान ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण पास होऊन पुण्याला, बंगलोरला जातील. जाताना बहुधा रात्रीच्याच बसने जातील, समृद्धीवरूनच. त्या बसमध्ये आपल्या शेजारी बसलेल्या माणसाच्या घरच्यांना उद्या एखाद्या कोर्टात 'नेमके काय झाले होते' असे विचारायची वेळ आली, तर त्यांना उत्तरात 'भरधाव' हा शब्द मिळू नये. आकडा मिळावा, त्याच्या पुढे युनिट असावे आणि तो कसा काढला हे खाली लिहिलेले असावे. एवढे तर आपल्या जर्नलमध्येही लागते.